दादानं लावलेलं विरजण

"म्हणजे एकदा बंद केलं की तुलासुद्धा उघडता येणार नाही?" आईनं विचारलं.

"मलासुद्धा नाही," दादा म्हणाला. "प्रत्यक्ष वैजनाथ उतरला तरी नाही. देवळातलाही नाही आणि हा तुझ्यासमोर बसलेलाही नाही."

आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं हातातली शेंग त्याला फेकून मारली. "देवाची मस्करी नको करू," म्हणाली, आणि हसली. २००४ सालचा डिसेंबर होता. परळीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी दादाचं टेबल, टेबलावर तो जाडजूड कॉम्प्युटर, आणि समोर दादा. डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी. माझा दादा, वैजनाथ, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. एकतीस वर्षांचा होता आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा आम्ही त्याला जीपनं लातूरला न्यायचो. वडील आम्ही लहान असतानाच वारले होते. घरात आम्ही तिघंच.

"पण चिठ्ठीच लिहायची ना मग," मी म्हटलं. "एवढा खटाटोप कशाला?"

"चिठ्ठी? या घरात?" दादानं आईकडे हात केला. "नंदे, तुझ्या दहावीच्या निकालाचं पाकीट कुणी फोडलं? माझ्या नोकरीचं कुणी फोडलं? पोस्टमननं टाकलं की या बाईच्या हाताला खाज सुटते."

ते खरं होतं. आमच्याकडे पाकीट फोडायचा मान आईचा. कुणाच्या का नावानं येईना, आधी ती वाचणार, मग ज्याचं त्याला देणार. तिला त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट आपण पोरांची काळजी वाहतो असंच वाटायचं.

"म्हणून हे," दादा म्हणाला. "यात एक पत्र आहे, दोघींसाठी. त्याची किल्ली मिळायला एक गणित सोडवावं लागतं. एक मोठा आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, दुसऱ्या एका आकड्यानं भागायचं. जी बाकी उरेल तिचा परत वर्ग. परत बाकी, परत वर्ग. असं अब्जावधी वेळा. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची करताच येत नाही. तीन वर्षं लागतात, शंभर मशिनं लावली तरी लवकर होत नाही."

आईचे हात थांबले. "म्हणजे विरजण लावल्यासारखं," ती म्हणाली. "शंभर बायका भांड्याभोवती बसल्या म्हणून काही दही लवकर लागत नाही."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "मी तीन वर्षं पोरांना शिकवतोय," म्हणाला, "पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही."

"आणि तू कसं लावलंस मग, तुला तीन वर्षं लागली नाहीत ते?" आईनं विचारलं.

"लावणाऱ्याला एक जवळची वाट ठाऊक असते, दोन आकड्यांची. ते दोन आकडे मी कागदावर लिहिले होते आणि आज सकाळी तुझ्या चुलीत टाकले. तुझ्या आंघोळीच्या पाण्याखाली गेले ते."

मग त्यानं आईला शिकवलं. लाइट आली की हे बटण दाबायचं, बाकीचं मशीन आपोआप करतं. लाइट गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. कोपऱ्यातला आकडा म्हणजे शंभरातले किती झाले. मशीन हेच ठेवायचं, दुसऱ्यावर हलवायच्या भानगडीत पडायचं नाही. "लोडशेडिंगचे सरासरी रोजचे सहा तास मी धरलेत," तो म्हणाला. "२००८ च्या संक्रांतीला उघडंल. तिळगूळ खाऊन दोघींनी मिळून वाचा. एकटीनं नाही, दोघींनी."

आई म्हणाली, "आणि तू कुठं जाणारेस तेव्हा?"

आईनं परत शेंगा सोलायला घेतल्या.

दादा फेब्रुवारीत गेला, महाशिवरात्रीच्या आधी.

आता माझं सांगते. पन्नाशीला टेकलेय, आता कुणापासून लपवायचं?

दादानं ते पत्र बंद केलं त्याच्या सहा महिने आधी, २००४ च्या जूनमध्ये, आम्ही औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. आईला साखर, तिची किडनी घेणार नाहीत हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उरले मी. रक्तगट दादाचा आणि माझा एकच. सगळ्या तपासण्या झाल्या. माझा तेव्हा नांदेडच्या मुलाशी साखरपुडा झाला होता, आणि होणाऱ्या सासूबाईंनी फोनवर आडून आडून विचारलं होतं की एका किडनीवर बाळंतपण निभतं का हो. पण खरं सांगते, सासू हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. मला टेबलावर झोपवतील, कापतील, आतलं काहीतरी काढून घेतील, हेच सारखं डोक्यात यायचं. चार रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता.

रिपोर्टच्या दिवशी आई औषधं आणायला खाली गेली होती आणि दादा बाहेर बाकावर बसला होता. मी एकटीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझी जुळत नाही असं सांगा घरी."

ते काहीतरी लिहीत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"बरं," म्हणाले.

एवढंच. मी दहा कारणं पाठ करून गेले होते, त्यातलं एकही सांगावं लागलं नाही. मी बाहेर आले, दादाच्या शेजारून गेले आणि थेट नळावर जाऊन तोंड धुतलं. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी तिघांना बोलावून सांगितलं, बहिणीची जुळत नाही, यादीत नाव घालू, वाट बघू. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "माझी ही साखर," ती म्हणाली, "ही साखर नसती तर माझं पोर आज घरी आलं असतं." सबंध वाटेभर ती तेच म्हणत होती. तेच वाक्य मी पुढं पाच वर्षं ऐकलं.

दादा गेल्यावर नांदेडचं लग्न मीच मोडलं. त्या घरात ताठ मानेनं उभी राहून सुखाचे दोन घास कशी खाणार होते मी? आईला वाटलं, पोरगी माझ्यासाठी थांबली. गल्लीत माझं कौतुक झालं. मी शाळेत नोकरी धरली, आणि घरात आम्ही दोघी आणि ते मशीन उरलो.

ते मशीन म्हणजे आईचा जीव की प्राण झालं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, मग मीच ओरडल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायला लागली. लाइट गेली की कॅलेंडरवर त्या दिवसाच्या घरात एक फुली. आमच्या घरामागं औष्णिक केंद्राच्या चिमण्या, धुण्यावर राख पडायची आणि लाइट मात्र आमच्याच गावात नसायची. "मेल्यांनो, राख आम्हाला आणि उजेड दुसऱ्याला," असं आई चिमण्यांकडे बघून रोज म्हणायची. लाइट आली की हातातला कणकेचा गोळा टाकून आधी बटण दाबायला पळायची. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मला विचारायची, "किती झालं गं?" तिला आकडे वाचता यायचे, तरी माझ्याकडूनच ऐकायचं असायचं.

"सात, आई."

"सात. चला."

आणि मी? त्या आकड्याला मी घाबरत होते. मला पक्कं वाटायचं की दादाला कळलं होतं. केबिनमधून बाहेर येऊन मी मान खाली घालून त्याच्या शेजारून गेले तेव्हा त्याची नजर माझ्यावर होती, ती मी विसरले नव्हते. त्याला कळलं होतं, आणि तोंडावर बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यानं ते असं बंद करून ठेवलं होतं. एक दिवस ते उघडणार, आई माझ्या शेजारी बसलेली असणार आणि मला तिला मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार: तुझ्या पोरीनं मला किडनी दिली नाही.

पहिले पाच-सहा महिने मी काही केलं नाही. मग एकदा आई झोपल्यावर मी मशीनची वायर काढली. सकाळी तिच्या आधी उठून लावली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी परत काढली. मग ती सवयच झाली. दादाचं म्हणणं खरं होतं, ते कुणालाही लवकर करता येत नव्हतं. पण उशीर करायला काहीच अक्कल लागत नव्हती.

आकडा रखडायला लागला. आईनं सगळा दोष लाइटला दिला, आणि उन्हाळ्यात बारा-बारा तास लाइट जायचीच, त्यामुळं माझं पाप झाकलं गेलं. "आपण इन्व्हर्टर घेऊ," ती एकदा म्हणाली. "समोरच्या हालग्यांकडं आहे, टीव्हीसुद्धा चालतो त्यावर."

"बॅटरीवर मशीन खराब होतं, आई," मी म्हटलं. "दादानंच सांगितलं होतं."

दादाचं नाव घेतलं की आई वाद घालायची नाही. मेलेल्या भावाच्या नावावर खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

एका रविवारी मला उठायला उशीर झाला. डोळे उघडले तर आई टेबलापाशी उभी. वर पंखा फिरत होता, आणि मशीनचा पडदा काळा. वायर जमिनीवर, गुंडाळी केलेली. आईनं वायर उचलली, पदरानं पुसली आणि बोर्डात लावली. बटण दाबलं. आकडा यायला वेळ लागतो, तोवर ती पाठमोरीच उभी राहिली.

"उंदरानं ओढली असंल," ती म्हणाली. "चहा टाकते. तोंड धू."

उंदीर वायर बोर्डातून काढून अशी गुंडाळी करून ठेवत नाही. त्यानंतर दोन महिने मी वायरीला हात लावला नाही. आणि मग, काय सांगू, परत लावला.

२००८ ची संक्रांत आली. आईनं तिळगूळ केला. आकडा होता एकसष्ट. संध्याकाळी तिनं एक लाडू कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "अजून किती दिवस गं?"

"दोनेक वर्षं लागतील."

"मी असेपर्यंत होईल ना?"

"काहीतरीच बोलू नको," मी म्हटलं, आणि भांडी घासायला गेले.

२००९ च्या जुलैत साखरेनं तिचा पाय धरला. जखम भरेना, मग ताप. गावातल्याच दवाखान्यात दाखल केलं. दुपारची वेळ होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी तिला मोसंबीची फोड सोलून देत होते, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"नंदा, तुला त्या पत्राची भीती वाटते ना?"

माझ्या हातातली फोड तिथंच राहिली.

"मलासुद्धा वाटते," आई म्हणाली. "तू वायर काढायचीस तेव्हा एका मनानं मला बरंच वाटायचं. वाटायचं, राहू दे बंद. आत त्यानं लिहिलं असंल, आई, तुझ्या साखरेपायी मी गेलो, तर मी काय करू? तोंड कुठं लपवू? म्हणून मी तुला कधी बोलले नाही. पण आता माझे दिवस भरले बघ. आता शिव्या दिल्या असल्या तरी चालंल. त्याच्या शिव्या ऐकून जाऊ दे मला."

मी तिथंच सांगायला हवं होतं. आई, तुझी साखर नव्हे, मी. दोन शब्दांचं काम होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "मी आजच इन्व्हर्टर आणते."

"बॅटरीवर खराब होतं म्हणाली होतीस ना?"

"नाही होत, आई."

"बरं," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच.

संध्याकाळपर्यंत इन्व्हर्टर बसला. आकडा ब्याण्णव होता. त्या दिवसापासून मशीन एक मिनिट थांबलं नाही. मी शाळेत रजा टाकली. दवाखान्यातून घरी पळायचं, आकडा बघायचा, परत पळायचं, आईच्या कानाशी सांगायचं. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. ज्या आकड्याला मी चार वर्षं मागं खेचलं होतं, त्याला आता हात जोडत होते, चल रे बाबा, चल. तो आपल्याच चालीनं चालला होता. त्याला आमची घाई कळत नव्हती, पूर्वी माझी भीती कळत नव्हती तशीच.

ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या दिवसांत, आईचं बोलणं बंद झालं. तरी संध्याकाळी दिवे लागले की ती माझ्याकडे बघायची. मला कळायचं काय विचारतेय ते.

"अठ्ठ्याण्णव झालं, आई. थोडंच राहिलं."

तिनं डोळे मिटले. सकाळी साडेसहाला गेली.

आईला माती देऊन आलो. पाहुणे आले, पाहुणे गेले. सतराव्या दिवशी दुपारी मी भात लावून बसले होते, तर मशीनमधून एक बारीक आवाज आला. आकडा गेला होता आणि पडद्यावर मराठी अक्षरं आली होती. मी आईचा पाट ओढला, ती बसायची तिथं ठेवला, आणि त्याच्या शेजारी दुसरा पाट घेऊन बसले. दोघींनी मिळून वाचा म्हणाला होता ना. मी मोठ्यानं वाचलं.

"आई आणि नंदे,

आधी तिळगूळ घ्या. आता ऐका. आणि आई, मध्ये रडायचं नाही, पूर्ण ऐकायचं.

औरंगाबादला रिपोर्टच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना एकटा भेटलो होतो. त्यांना म्हटलं, रिपोर्ट काहीही येऊ दे, बहिणीची जुळत नाही असंच घरी सांगा. मला तिची नकोय. माझा आजार ज्या जातीचा आहे त्यात दुसरी किडनीसुद्धा चार वर्षांपलीकडे टिकेल याची खात्री नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. चार वर्षांसाठी मी माझ्या बहिणीला कापू देणार नव्हतो.

नंदे, दुसऱ्या दिवशी तू आत गेलीस तेव्हा मी बाकावर होतो. बाहेर आलीस आणि माझ्याकडे न बघता नळावर गेलीस. आत काय बोललीस ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. हो म्हणाली असशील, नाही म्हणाली असशील, उत्तर एकच होतं, आणि ते मी आदल्या दिवशी देऊन आलो होतो. त्यात तुझा काही संबंधच नाही, वेडे. ते डोक्यात घेऊन बसू नको.

आई, तुझी साखर नसती तर मी तुझीही घेतली नसती. तेव्हा त्या साखरेला रोज शिव्या घालणं बंद कर. मी तुझ्यामुळं गेलो नाही.

हे आत्ताच का सांगितलं नाही? आई, सांगितलं असतं तर तू मला फरफटत परत औरंगाबादला नेलं असतंस आणि नंदीच्या पाया पडली असतीस. मी गेल्यावर लगेच कळलं असतं तर पोरानं मुद्दाम जीव दिला म्हणून माझ्यावर चिडली असतीस. तीन वर्षांत तुझा राग निवेल. नंदीचं लग्न होऊन एखादं पोरही झालं असेल, ते मांडीवर घेऊन ऐक.

संक्रांतीचा माझा हिशोब चुकायचा नाही. उशीर झालाच असेल तर लाइटला शिव्या द्या, मला नको.

तुमचा वैजू"

लोडशेडिंगचे तास त्यानं बरोबर धरले होते, बहीण तेवढी धरली नव्हती. मला सोडवणारं पत्र चार वर्षं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होतं, आणि मीच रोज त्याला अडवत होते. पण माझं जाऊ द्या, मी केलं आणि मी भोगलं. आईनं काय केलं होतं? 'मी तुझ्यामुळं गेलो नाही,' एवढं एक वाक्य तिला हवं होतं. संक्रांतीला, टेबलावर लाडू ठेवला त्या दिवशीच तिला ते मिळायचं होतं. ती ते न ऐकताच गेली, आणि ते माझ्यामुळं.

शेवटची ओळ मी आईच्या पाटाकडे तोंड करून परत एकदा वाचली. लाइटला शिव्या द्या. तोंड उघडलं, पण एकही शिवी निघेना. भिंतीवर कॅलेंडर होतं, आईच्या फुल्यांनी भरलेलं. भात करपल्याचा वास येत होता.

लाइट होती. डोक्यावर पंखा फिरत होता.